झाकणावरून मानीव तीन गुण

मैदानावरची विक्रमांची पाटी पुढल्या महिन्याच्या पहिल्या रविवारी नव्याने रंगवणार आहेत, ही बातमी नियमकाकांना न्हाव्याकडे कळली, तीही अर्धी दाढी झाल्यावर. वाईट बातमी कधी सांगावी याचं शास्त्र न्हाव्याइतकं कुणालाच अवगत नसतं. गळ्यावर वस्तरा असेपर्यंत कुणी उसळत नाही.

"तुमचं नाव जाणार म्हणे, काका," न्हावी म्हणाला. "बँकेतल्या त्या उंच पोराने एका सामन्यात एक्केचाळीस गुण केले. तुमचे अडतीसच ना?"

"अडतीस," काका ओठ न हलवता म्हणाले. "'च' लावायची गरज नाही."

"मग गेलंच म्हणायचं."

आंतरकार्यालयीन बास्केटबॉल स्पर्धेत एका सामन्यात सर्वाधिक गुण, या ओळीपुढे गेली त्रेचाळीस वर्षं नियमकाकांचं नाव होतं. पाटी लाकडी, फाटकाशेजारी ठोकलेली. रंगाचे पोपडे निघाले होते, पण नाव वाचता येत होतं. वाचता येईनासं होई तेव्हा काका सकाळी फिरायला जाताना खिशात खडू घेऊन जात आणि इकडे-तिकडे बघून गिरवून येत. ह्याला कुणी अहंकार म्हणेल. पण अहंकाराचं असं असतं की तो दुसऱ्याच्या घरी हत्तीएवढा दिसतो आणि आपल्या घरी मांजराएवढा, आणि मांजराला कोण घराबाहेर काढतो?

आता ह्या माणसाला नियमकाका का म्हणायचे, तेवढं सांगून टाकतो. पाणीपुरवठा खात्याच्या ज्येष्ठता शाखेत त्यांनी एकतीस वर्षं काढली. कोण कुणाच्या आधी लागला, कोण कुणाच्या वर बसेल, हे ठरवणारी ती शाखा. तिथे एक शब्द देवासारखा पुजला जाई: 'मानीव'. एखाद्याला बढती मिळायला हवी होती अमुक तारखेला, पण कुणाच्या तरी चुकीने ती राहून गेली. तर ती त्याच तारखेला मिळाली होती असं कागदावर मानायचं. ती झाली मानीव तारीख. घडून गेलेल्या अन्यायाला मागे जाऊन गोंजारणारा असा प्रेमळ शब्द दुसरा नाही. वरच्या दरबारातही ही सोय असावी, अशी माझी फार आशा आहे; नाहीतर वेळच्या वेळी नाम घ्यायचं राहून गेलेल्या आपल्यासारख्यांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं?

पण त्याच शाखेत, काकांच्या खुर्चीमागे, त्यांच्याच अक्षरातला एक कागद चिकटवलेला असे: 'फेरतपासणीत वाढही होते, घटही होते. विचार करून अर्ज करावा.' तो वाचून निम्मे अर्जदार दारातूनच परत जात. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

घरी आले तेव्हा नात टीव्हीवर सामना बघत होती. ती कॉलेजच्या संघातून खेळायची, आणि सोफ्यावर पाय टाकून बसली की तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

"आजोबा, पाटीचं कळलं का?"

"कळलं. आजकालचे गुण स्वस्त झालेत. आमच्या वेळी एकेका गुणासाठी कोपरं फुटायची. सिमेंटचं मैदान, कॅनव्हासचे बूट. आमच्यातला कुणीही आणून उभा करा, ह्या पोरांना पाणी पाजेल."

"पाणीपुरवठाच होता तुमचा, पाजाल," नात म्हणाली. "पण खरं सांगू? तुमच्या काळातले खेळाडू आजच्या खेळात पाच मिनिटं टिकणार नाहीत. चोवीस सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. तुम्ही तर आधी चष्मा पुसाल."

"तेव्हा मला चष्मा नव्हता!"

"बरं, नव्हता. पण त्या बँकवाल्याने सात तर तीनचे टाकले. लांबून. तुमच्या वेळी तीनचा बास्केट होता का?"

काका उत्तर द्यायला तोंड उघडून तसेच थांबले. काकू स्वयंपाकघरातून डोकावल्या. हा माणूस इतका गप्प म्हणजे एकतर घास अडकला असणार किंवा नियम सापडला असणार.

"नव्हता," काका सावकाश म्हणाले. "तो नियम नंतर आला. पण मी टाकत होतो ते लांबूनच! झाकणावरून! प्रत्येकाला दोनच मिळाले. तीन मिळायला हवे होते." आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते निवृत्तीनंतर प्रथमच आलं होतं. "मानीव!"

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "सुरू झालं."

झाकणाची गोष्ट अशी. त्या काळी मैदानाच्या खालून पाण्याची मुख्य नळी जाई, आणि मैदानातच, रिंगपासून बरंच लांब, तिच्या चेंबरचं लोखंडी झाकण होतं. झाकणाला उचलायची कडी. दुसरे खेळाडू कडीला अडखळतील म्हणून तिकडे फिरकत नसत. काका पाणीपुरवठ्याचे, खात्याच्या झाकणाला कोण घाबरतो? ते त्यावर उभे राहून चेंडू टाकत. त्या अंतिम सामन्यात झाकणावरून अकरा वेळा चेंडू आत गेला होता. प्रत्येकी एक गुण जास्त धरला तर अडतीस अधिक अकरा, एकोणपन्नास. बँकवाला आठ गुणांनी मागे!

अर्ज काकांनी सांगितला, नातीने मोबाईलवर टाइप केला. "विषय: तीन गुणांचा नियम पूर्वलक्षी प्रभावाने लागू करून मानीव गुण मिळणेबाबत." छापून आणला तर दीड पान झालं. काकांनी शेवटी 'आपला विश्वासू' खाली सही ठोकली, आणि आनंदाच्या भरात, आयुष्यात पहिल्यांदाच, पुन्हा न वाचता कागद पाकिटात घातला.

"पंचेचाळीस वर्षं संसार केला," काकू म्हणाल्या. "त्याचे मानीव गुण कुणाकडे मागायचे तेही एकदा बघून ठेवा."

संघटनेचे सचिव व्यवसायाने दंतवैद्य होते. संघटनेचं कार्यालय म्हणजे त्यांचा दवाखाना, आणि दप्तर म्हणजे तिथलं तिसरं कपाट: वर स्पर्धांचे कागद, खाली कवळ्यांचे साचे. दाराशी बसलेल्या बाई कडक होत्या.

"पेशंट असाल तरच आत सोडणार. तक्रार काय?"

"नियमांबाबत आहे."

"दाताची तक्रार विचारतेय मी."

खोटं बोलायचं नाही असा काकांचा नेम होता. म्हणून त्यांनी आधी उजवीकडची दाढ जिभेने इतकी ढोसली, इतकी ढोसली, की ती खरोखरच दुखायला लागली, आणि मग सत्य तेच सांगितलं. देवाने माणसाला जीभ दिली ती नामासाठी. तिचा असा उपयोग केला की काय होतं, ते आता ऐका.

दंतवैद्यांनी काकांना खुर्चीत आडवं केलं, तोंडात कापूस भरला, आणि एका हातात आरसा नि दुसऱ्या हातात अर्ज धरून वाचायला लागले. वाचता वाचता त्यांच्या भुवया वर गेल्या.

"मानवी गुण मिळणेबाबत?"

"आआ-ई!" काका कापसातून म्हणाले.

"मानवीच लिहिलंय. तीन ठिकाणी. 'अर्जदारास मानवी गुण त्रेचाळीस वर्षांपूर्वीच मिळावयास हवे होते.'" दंतवैद्यांनी सहानुभूतीने मान हलवली. "काका, संघटना मानवी गुण कुठून देणार? ते वरूनच घेऊन यावे लागतात."

मोबाईलने 'मानीव'चं 'मानवी' करून टाकलं होतं. त्या यंत्राला बिचाऱ्याला काय ठाऊक ज्येष्ठता शाखा? काकांनी उठायचा प्रयत्न केला, पण तेवढ्यात दंतवैद्य गंभीर झाले. अर्जामुळे नव्हे. "ही दाढ काढावी लागेल," ते म्हणाले. "बरं झालं आलात."

अर्ज दाखल करायला गेलेले नियमकाका अर्धा गाल बधिर करून आणि एक दाढ पुडीत बांधून घरी आले. अर्ज मात्र परत मिळाला नाही. "आवक नोंद झालीय," बाई म्हणाल्या. "दुसरा द्या."

दुसरा अर्ज काकांनी हाताने लिहिला. तो द्यायला गेले तेव्हा दवाखान्याबाहेर बाकावर दोघं बसले होते, आणि दाढेची वाट बघणाऱ्या माणसाला कुठलाही वाद औषधासारखाच लागतो.

"जुने खेळाडू उंच होते, पण जागच्या जागी खेळायचे," सुजलेल्या गालाचा गृहस्थ म्हणाला. "आजची पोरं वाऱ्यासारखी पळतात. जुन्यांना आज सावलीसुद्धा सापडणार नाही."

"पळतील नाहीतर काय," शेजारच्या कवळीवाल्या आजी म्हणाल्या. "खाली गादीसारखं मैदान, पायात गादीसारखे बूट. त्या पोरांना द्या तो जुना फुगीर चेंडू, जो एकीकडे आपटला की दुसरीकडे उडायचा. मग बघू कोण एक्केचाळीस करतो."

"म्हणजे जुन्यांना आजचे बूट द्यायचे की आजच्यांना जुना चेंडू, हे आधी ठरवायला हवं," काका म्हणाले. "कुणाला कुठल्या काळात नेऊन बसवायचं, हाच तर ज्येष्ठतेचा मूळ प्रश्न आहे."

गृहस्थाने गाल धरला. तो सुजेमुळे धरला की काकांमुळे, ते कळायला मार्ग नाही.

ह्या वेळी दंतवैद्य गंभीरपणे बोलले. ते तरुण होते, पण माणूस सरळ होता. "काका, मला चेष्टा करायची नाही. दोन पुरावे आणा. एक, झाकण आजच्या तीनच्या रेषेबाहेर होतं. दोन, कुठले बास्केट झाकणावरून झाले. पुरावा पटला तर पाटीवर एकोणपन्नास मी स्वतः उभा राहून लिहून घेईन. पण रविवारच्या आत. रंगारी पुन्हा यायचा नाही."

झाकण आता कुठे होतं? पाच वर्षांपूर्वी मैदानावर निळा गुळगुळीत थर चढवला, त्याखाली झाकण गडप झालं. पण खात्याच्या अभिलेख कक्षात जुना नकाशा असणार. काका छाती पुढे काढून आपल्या जुन्या कार्यालयात गेले. तिथे, त्यांच्याच खुर्चीत, एक नवी लिपिक बसली होती.

"नकाशा बघायचाय? पंधरा दिवस आधी लेखी अर्ज."

"अहो, एकतीस वर्षं मी इथे—"

"परिपत्रक आहे." तिने भिंतीवरचा कागद दाखवला. "'सेवानिवृत्त कर्मचाऱ्यांनी जुन्या ओळखीचा आधार घेऊन अभिलेख मागू नयेत. अपवाद केला जाणार नाही.' खाली सही बघा."

काकांनी बघितली. सही झोकदार होती. त्यांचीच होती.

माणसाने आयुष्यात पेरलेलं त्याच्याच पुढ्यात उगवतं, हे आपण कितीदा ऐकतो आणि माना डोलवतो. पण भिंतीवर चिकटवलेलं समोर आलं म्हणजे डोलवायला मानच उरत नाही. काकांनी मुकाट्याने लेखी अर्ज दिला. पंधरा दिवस मोजले. त्या पंधरा दिवसांत त्यांनी एकदाही कुरकूर केली नाही, कारण परिपत्रकाचा मसुदा खरोखरच उत्तम होता.

नकाशा आला तो बुधवारी, आणि फुटा-इंचांत. इथे काकांच्या घरावरच्या मजल्यावर राहणारे मोजणीदार मदतीला धावले. ते निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती, पण फीत अजून त्यांच्या उशाशी असे. गुरुवारी पहाटे काका, मोजणीदार आणि नात मैदानावर गेले. मोजणीदारांनी रिंगमधून ओळंबा सोडला, फीत ताणली, ढेंगा टाकणाऱ्या सकाळच्या मंडळींना "फितीवरून जाऊ नका, उचलून घ्या पाय!" म्हणून दोन-तीनदा खडसावलं, आणि निळ्या मैदानावर खडूने एक वर्तुळ काढलं.

"झाकणाचा मध्य: सहा मीटर ऐंशी. रेषा आहे सहा पंचाहत्तरवर."

"पाच सेंटिमीटरने बाहेर!" काकांनी टाळी वाजवली.

"थांबा. मध्यावर तुमची टाच होती की बोटं?"

"म्हणजे?"

"बूट कितीचा? नऊ? टाच मध्यावर असेल तर चवडा रेषेच्या आत गेला. मग दोनच."

"तिथे कडी होती!" काका कडाडले. "मध्याच्या पुढच्या बाजूला. कडीवर कोण पाय देईल? मी मागच्या अर्ध्यावर उभा राहायचो. बोटं मध्यावर, टाच मागे."

मोजणीदारांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. नात वर्तुळापाशी उभी राहून रिंगकडे बघत होती. "आजोबा," ती जरा वेगळ्याच आवाजात म्हणाली, "इथून अकरा? त्या फुगीर चेंडूने?"

"अकरा."

"हे मला माहीत नव्हतं."

बस्स. ते एक वाक्य काकांच्या कानात दिवसभर टाळासारखं वाजत राहिलं. पाटी, बँकवाला, संघटना, सगळं त्यापुढे फिकं. आता माघार नव्हती.

दुसरा पुरावा राहिला. गुणपत्रिकेत नुसते दोन-दोन मांडलेले. पण त्या सामन्याचे पंच अजून होते, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्या काळी बांधकाम खात्यात कनिष्ठ लिपिक होते, त्या खात्याची ज्येष्ठताही तेव्हा काकांच्याच शाखेत ठरे, आणि हौसेने पंचगिरी करत. त्यांना हल्ली बोललेलं कमी ऐकू येई. शुक्रवारी काका त्यांच्या घरी गेले आणि तीनदा ओरडून सांगितलं. चौथ्यांदा शेजाऱ्यांनी सांगितलं. तेव्हा पंचांनी पेटीतून एक वही काढली. प्रत्येक सामन्याची बारीक अक्षरात नोंद! अंतिम सामन्याच्या पानावर काकांच्या बास्केटांपुढे अकरा ठिकाणी 'झा' लिहिलेलं होतं.

"झा म्हणजे झाकण!" काकांनी पंचांचे दोन्ही हात धरले. "पंचसाहेब, तुम्ही देव आहात."

"शेव? नको, दात नाहीत," पंच म्हणाले. मग काकांचा चेहरा बघून हसले. "पण रविवारी येतो मी. पाटीपाशी."

प्रत्येक 'झा'च्या डोक्यावर एक बारीक टिंबही होतं. काकांना वाटलं, अनुस्वार असेल. जुन्या माणसांना अनुस्वाराची सवय.

रविवारी सकाळी मैदानावर चांगलीच माणसं जमली. रंगारी शिडीवर चढून पाटी पांढरी करून बसला होता. दंतवैद्य आले, मोजणीदार वहीसकट आले, काकू पाण्याची बाटली घेऊन आल्या. बँकेतला उंच पोरगाही आला आणि त्याने वाकून काकांना नमस्कार केला, त्यामुळे काकांची जरा पंचाईत झाली. त्याच्यावर रागवायचं त्यांनी घरून ठरवून आणलं होतं. दंतवैद्यांनी नकाशा बघितला, वर्तुळ बघितलं, वहीतले 'झा' दोनदा मोजले.

"पटलं," ते म्हणाले. "काका, अभिनंदन. रंगारीदादा, एकोणपन्नास लिहा."

नातीने शिटी मारली, बोटं तोंडात घालून. बँकवाल्याने टाळ्या वाजवल्या. रंगाऱ्याने चाराचा आकडा काढायला घेतला.

काका कोपऱ्यातल्या बाकावर पंचांशेजारी जाऊन बसले. मन असं तुडुंब भरलं की माणूस काहीतरी बोलून जातो. "पंचसाहेब," त्यांनी कानाशी तोंड नेऊन विचारलं, "हे 'झा'वर टिंब कशाला हो द्यायचात?"

पंचांनी वही बंद केली. इकडे-तिकडे बघितलं. "आता सांगायला हरकत नाही," ते म्हणाले. "ते पाऊल आहे. चेंडू घेऊन तू झाकणाशी यायचास, कडी ओलांडून मागच्या अर्ध्यावर जायला एक पाऊल जास्त टाकायचास. दर वेळी. नियमाने चेंडू काढून घ्यायला हवा होता."

"आणि तुम्ही शिटी वाजवली नाहीत? अकरा वेळा?"

"कशी वाजवणार? माझी बढतीची फाईल तुझ्या टेबलावर होती."

काकांना एक क्षण काही ऐकूच आलं नाही. पंचांचा बहिरेपणा जणू त्यांच्याकडे आला. मग ते म्हणाले, "पंचसाहेब, ती फाईल मी सामन्याच्या आठ दिवस आधीच वर पाठवली होती. तुमचा हक्कच होता."

"काय म्हणतोस?"

"आठ दिवस आधी! पाठवली होती!"

"मग मी उगीचच घाबरलो की रे," पंच म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू होतं की रडू, दोघांनाही नीट सांगता आलं नसतं.

शिडीवर चाराचा आकडा पुरा झाला होता. रंगारी नवाची गोलाई घेत होता. हे पाऊल फक्त दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं. नात पाटीखाली उभी राहून मोबाईलमध्ये फोटो काढत होती. गप्प बसायला काहीच लागत नव्हतं. उठायलाही फारसं नाही, पण गुडघा धरला होता. खुर्चीमागचा तो कागद कुणीतरी कधीच फाडून टाकला असेल. काकांना मात्र तो पाटीच्या जागी स्पष्ट दिसायला लागला.

"थांबा!" नियमकाका उभे राहिले. "रंगारीदादा, हात थांबवा. फेरतपासणी अपुरी आहे."

"अहो, रंग वाळतोय!"

"वाळू दे." काका वही घेऊन दंतवैद्यांपुढे गेले आणि सगळं सांगितलं. टिंबं दाखवली. फाईलचंही सांगितलं, फक्त पंचांच्या बाजूने, म्हणजे 'त्या काळी तशी रीत होती' एवढंच. "आजचा नियम मागे लावायचा तर सोयीचा तेवढा लावून चालणार नाही. तीनची रेषा मानीव, तर शिट्याही मानीव. अकरा मानीव शिट्या. अडतीसमधून बावीस वजा. सोळा राहतात."

मोजणीदारांनी वहीत आकडा मांडला, आणि सवयीने खाली दोन रेघा मारल्या.

"काका," दंतवैद्य हळू म्हणाले, "हे तुम्ही नसतं सांगितलं तरी..."

"तर मला ठाऊक असतं."

दंतवैद्यांनी बॅगेतून फाईल काढली. आधी दुसऱ्या अर्जावर लिहिलं: 'मानीव गुण नामंजूर.' मग त्याच्याखालचा पहिला अर्ज काढला, मोबाईलने बिघडवलेला. जरा विचार केला, आणि त्यावर लिहून शिक्का मारून काकांच्या हातात दिला. काकांनी चष्मा पुसून वाचलं: 'अर्जदाराचे मानवी गुण पडताळले. मंजूर.'

"आवक नोंद आहे त्याची," दंतवैद्य म्हणाले. "निकाली काढायलाच हवा होता."

काकूंनी तो कागद काढून घेतला आणि पदराने त्यावरचा रंगाचा थेंब टिपला. "ह्याचा दाखला मला पंचेचाळीस वर्षं कुणी दाखवला नव्हता," त्या म्हणाल्या, पण घडी फार जपून घातली.

पाटीवर एक्केचाळीस चढले, बँकवाल्याचं नाव चढलं. चाराचा आकडा वाया गेला नाही एवढंच रंगाऱ्याला समाधान. परतताना फाटकाशी आल्यावर नात म्हणाली, "आजोबा, पावलाचं काय एवढं? ते सुधारता येतं. सरावाने."

"ह्या वयात?"

"आजच्या खेळात टिकायचंय ना?"

सोमवारी सकाळी सहा वाजता नियमकाका मैदानावर होते. पायात नातीने आणलेले गादीसारखे बूट, हातात तिचा चेंडू. खडूचं वर्तुळ अजून होतं. पहिल्या दिवशी चेंडू रिंगपर्यंत पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी मोजणीदारांच्या टोपीपर्यंत पोचला. गुडघा कुरकुरला, खांदा कुरकुरला. काका दोघांनाही म्हणाले, लेखी द्या. पंचही येऊ लागले. बाकावर बसत, गळ्यात जुनी शिटी, मांडीवर वही.

बाविसाव्या दिवशी नातीने चेंडू फेकला, काकांनी तो धावत घेतला, वर्तुळाशी आले, आणि नसलेल्या कडीवरून, त्रेचाळीस वर्षांच्या सवयीने, एक पाऊल जास्त टाकून चेंडू सोडला. तो गेला, वर गेला, आणि रिंगला न शिवता अलगद जाळीतून खाली आला.

"गेला!" नात किंचाळली. "आजोबा, गेला!"

आणि त्याच वेळी बाकावरून अशी खणखणीत शिटी वाजली की फिरायला आलेले लोक जागच्या जागी थांबले. पंच उभे राहिले होते. दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवून त्यांनी खूण केली.

"पाऊल!" ते ओरडले. "चेंडू परत!"

काकांनी चेंडू उचलला. एका शब्दाने हरकत घेतली नाही. पंचांपाशी गेले, चेंडू त्यांच्या हातात ठेवला आणि वाकून नमस्कार केला. पंचांनी वही उघडली, त्या जुन्या पानावरच्या पहिल्या टिंबावर सावकाश काट मारली.

"एक झाली," ते म्हणाले. "अजून दहा."

"वाजवा," नियमकाका म्हणाले, आणि वर्तुळाकडे परत निघाले.